मिकचा लाकडी मासा

ऑस्ट्रेलियन आर्मीतल्या माझ्या डार्विनच्या पोस्टिंगमधला, ड्राय सीझनमधला, म्हणजे बिनपावसाच्या दिवसांतला एक शनिवार. आम्ही तिघे होतो: आमच्या तुकडीचा, म्हणजे सेक्शनचा, कमांडर कॉर्पोरल मिक, प्रायव्हेट जोनो आणि मी. माझ्या जोशी आडनावाचं युनिटने 'जोश' करून टाकलं होतं. सकाळी सातच्या सुमारास बिलाबाँगवर पोहोचलो. पूर ओसरल्यावर नदीपासून तुटून उरलेलं हे गोड्या पाण्याचं तळं. त्यात बॅरामंडी मिळतो, म्हणजे आपला जिताडा. मगरीही असतात.

मिकचे नियम दोनच. काठापासून लांब उभं राहायचं, आणि थोडा वेळ गळ टाकला की जागा बदलायची. मगर माणसाची सवय पाहून ठेवते.

सामानाबाबत तो फार कडक होता. एकदा फायरिंग रेंजवर टॉर्च सापडेना, तर अख्ख्या सेक्शनला गुडघ्यांवर बसवून गवत चाळायला लावलं. टॉर्च त्याच्याच बॅगेत निघाला. "गुड ट्रेनिंग," एवढंच म्हणाला.

त्या दिवशी त्याने जोनोला स्वतःचा लूर दिला होता, म्हणजे गळाच्या दोरीला बांधायचा खोटा मासा. लाकडाचा, मिकच्या वडिलांनी कोरलेला. वडील गेले होते. हा शेवटचा उरला होता.

"हा हरवलास तर गवत चाळशील, मेट," मिक म्हणाला.

तासाभराने लूर पाण्यातल्या ओंडक्यात अडकला. जोनोने ओढून पाहिलं, निघेना. त्याने रॉड माझ्या हातात दिला, बूट काढले आणि पाण्यात उतरला. आम्हाला शिकवलेलंच तो करत होता: सामान मागे सोडायचं नाही.

"जोनो, हॉल्ट."

पाणी त्याच्या घोट्यांपर्यंत होतं. "तुझ्या डॅडचा आहे, कॉर्पोरल."

"बाहेर ये. आत्ता."

जोनो बाहेर आला. मिकने चाकू काढला आणि गळाची दोरी कापली. तेवढ्यात ओंडक्याजवळचं पाणी फुगलं. मगरीची पाठ दिसली आणि पुन्हा खाली गेली.

"चला, जागा बदलू," मिक म्हणाला. सिगारेट पेटवायला त्याला तीन काड्या लागल्या.

पुढच्या वेट सीझनला, भर पावसाळ्यात, ट्रेनिंगमध्ये आमची गाडी ओढ्यात उलटली. मिकने मला आधी बाहेर काढलं. मग जोनोसाठी परत गेला. जोनो बाहेर आला.

फ्युनरलनंतर जोनोने मिकच्या आईला लूरची गोष्ट सांगितली.

"शेवटचा उरला होता ना?" त्या म्हणाल्या. "त्याच्या बापाला गाठ मारता यायची नाही, लव्ह. बाकीचे सगळेही पाण्यातच आहेत."

जोनो हसला आणि मग रडला.

मी आता सिडनीत क्वेकर्स हिलला राहतो. जोनो दरवर्षी येतो आणि आम्ही जवळच्या धरणावर बास मासे धरायला जातो. यंदा त्याचा लूर झाडाच्या मुळात अडकला. पाणी गुडघाभर होतं. सिडनीच्या या पाण्यात मगरी नाहीत.

जोनोने माझ्यापुढे हात पसरला. मी चाकू दिला. त्याने दोरी कापली, सामान उचललं आणि आम्ही जागा बदलली.