झाकण नसलेली बॅटरी

शिनोलीत लाइट गेली की आईचं दम्याचं मशीन इन्व्हर्टरवर चालतं. घरी ती एकटी, मी पुण्यात. नव्या बॅटरीनं आठ महिन्यांत मान टाकली, म्हणून मी गावी येऊन घोडेगावहून एक मिस्त्री बोलावला. त्याचं नावही विचारलं नाही. मला संध्याकाळच्या आत पुणं गाठायचं होतं. मी ओट्यावर येरझाऱ्या घालत होतो.

तो मात्र निवांत. चपला बाहेर काढून बॅटरीपुढं उकिडवा बसला. एकेक बूच उघडून आत डोकावला, बोट फडक्याला पुसलं.

"आजी, हिला पानी कवा घालता?"

"रोज. तुळशीला घालते तवाच. हा फोनवर रोज विचारतो ना, पाणी बघितलं का म्हणून."

"बॅटरीच भिकार," मी फटकन म्हणालो. "पाणीबिणी लागणार नाही अशी द्या."

"तिला नावं ठेवू नका, भाऊ. दोन-तीन महिन्यांनी घालायचं पानी रोज घातलं, तेबी नळाचं. ही हयगयीनं न्हाई, लई काळजीनं मेली."

दुपारी त्यानं लिथियमची बॅटरी बसवली. तिला पाणी घालायला झाकणच नव्हतं. आई तांब्या घेऊन तिच्याभोवती घुटमळत राहिली. निघताना तो दारात हळूच म्हणाला, "आता आजीला सकाळचं दुसरं काय काम देनार?"

मी हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी फोन लावला. आईनं लगेच उचलला. मला विचारायला काहीच सुचेना.