पाहुणचारावर चालणारी गाडी

आमच्या गल्लीतले पितांबर सर धुळ्याच्या एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवतात. त्यांची जुनी गाडी प्लगवरही चाले आणि पेट्रोलवरही. नाशिकच्या एका साहेबाकडून ती घेतली तेव्हापासून सर गल्लीतल्या कुणालाही अडवून सांगत, की बाजारापर्यंत बॅटरी आणि पुढे पेट्रोल, गाडी अडकायचा प्रश्नच नाही. सहा वर्षांत ती खरंच कुठे अडकली नाही. कुणाच्या दारात थांबलीही नाही. आई आक्काबाई वाटेतल्या प्रत्येक नातेवाइकाचं घर, पाचोऱ्याला तर भाची ललिताचंही, खिडकीतून बोटाने दाखवत, आणि ते मागे पडे.

मग दुसरं बाळ झालं. डिकीची निम्मी जागा बॅटरीने खाल्लेली, त्यामुळे पाळणा बसेना. थोरली रुपा पिशवी मांडीवर घेऊन बसे. सरांनी निव्वळ विजेवरची मोठी गाडी घ्यायचं ठरवलं. शोरूमने दोन दिवस चालवून बघायला दिली. बाळंतीण अजून चोपड्याला माहेरी होती. ज्योत्स्नावहिनींनी फोनवरच अट घातली, की सव्वा महिन्याचं बाळ आहे, या गाडीने मधे कुठे अडकवलं तर जुनीच ठेवायची.

सर आक्काबाईंना आणि रुपाला घेऊन आदल्या संध्याकाळी चोपड्याला पोचले. अंगणातल्या एकुलत्या मोठ्या सॉकेटला त्यांनी केबल लावली आणि जाहीर केलं, की सकाळपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही. सर जेवायला बसले आणि सहा दिवस कोरड्या असलेल्या नळाला पाणी आलं. पाण्याची मोटारही त्याच सॉकेटवर चालते. पण जावयाची पिन काढणार कोण? सगळे एकमेकांकडे बघत राहिले. पिन निघाली, टाकी भरली, सर हात धुऊन झोपायला गेले. सकाळी जावयाला वाकायला नको म्हणून सासऱ्यांनी केबल पुसून, गुंडाळून डिकीत ठेवली होती. सरांना वाटलं, काय कदर आहे!

ओवाळणं झालं, पाळणा डिकीत बसला, सरांनी लोकांकडे बघत गाडी काढली. गाव मागे पडल्यावर त्यांनी पडद्याकडे पाहिलं. धुळं पंचाहत्तर किलोमीटर, गाडी म्हणत होती अठ्ठावन्न. सरांनी एसी बंद केला. बाळाला बाहेरची हवा चांगली, असं कारण दिलं. चार्जिंग स्टेशनं सगळी हायवेवर, आणि हा रस्ता हायवेचा नव्हे. अमळनेर आलं तेव्हा सर अगदी सहज म्हणाले, "आई, कुंदामावशीकडे जाऊन यायचं का?"

आक्काबाईंनी मुलाच्या कपाळाला हात लावून पाहिला.

कुंदाबाईंच्या घरी सरांनी आधी सॉकेट शोधलं, मग मावशीच्या पाया पडले. बाळ पहिल्यांदाच आलेलं, म्हणून टोपडं आलं, झबलं आलं, जेवणाचा आग्रह झाला. एरवी चहालाही नको म्हणणारे सर तीन तास बसले आणि मावशीच्या गुडघेदुखीची सगळी हकिगत त्यांनी ऐकली. पुढे नवलनगरला मावसभाऊ गोपालच्या दारातही गाडी अशीच सहज वळली. तिथे दुसरं टोपडं.

धुळ्यात शिरताना उन्हं उतरली होती. सर म्हणाले, "बघ, गाडी कुठे अडकली नाही. आपण थांबलो."

"पिन मी काढली होती," वहिनी म्हणाल्या. "पाणी आलं होतं."

सरांनी गाडी हळू केली. "मग परत का नाही लावलीस?"

"हात लावायचा नाही म्हणाला होतात ना. एकदा लावला, तेवढा पुरे म्हटलं."

इलेक्ट्रिशियन घडवणाऱ्या माणसाने पडद्यावरचा आकडा पुन्हा एकदा पाहिला. अट मोडली की नाही, हे त्यांना विचारवेना. सगळे सोयरे भेटल्याच्या आनंदात मागून आक्काबाईच अहिराणीत बोलल्या, "हाई गाडी चांगली शे. बठ्ठा सोयरा भेटनात."

दुसऱ्या दिवशी जुनी गाडी द्यायला घरातले सगळेच शोरूममध्ये गेले. तिथल्या मुलाने विचारलं, मोठी बॅटरी की लहान? मोठीत नाशिकला जाऊन परत येता येतं, मधे थांबायची गरज नाही.

सरांनी तोंड उघडलं, तोवर वहिनींनी आक्काबाईंकडे पाहिलं होतं.

"लहान," वहिनी म्हणाल्या. "पाचोऱ्याला ललिताकडे जायचं राहिलंय."