उमानं आपली मानलेली चूक

उमा गेल्याचं तिच्या धाकट्या भावानं, बसवराजनं, फोनवर सांगितलं. "ताई, उमाक्का गेली," एवढंच आधी बोलला. मग म्हणाला, डोकं दुखायलंय म्हणून लॅबमध्येच खुर्चीत टेकली होती, नांदेडला नेईपर्यंत… मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी "येते" म्हणाले आणि गेले नाही. रजा मिळाली नाही, असं पुढे कळवलं. रजा मी मागितलीच नव्हती. तिच्या माणसांसमोर उभं राहायचा मला धीर होत नव्हता.

उमा गंगाखेडची. वडिलांचं किराणा दुकान, घरात रोजची लिंगपूजा, आणि हिच्या गळ्यात लिंगाची चांदीची डबी. मी जिंतूरच्या शिक्षकाची मुलगी. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात आमची खोली एकच होती, आणि पुढे दोघीही पॅथॉलॉजिस्ट झालो. एमडीनंतर मी जिंतूरला परतून रक्त-लघवी तपासत बसले होते, तेव्हा तिचाच फोन आला. "नंदा, तिथं बसून काय करायलीस? दोन जागा हायेत. मी माझा फॉर्म भरला, तुझाबी भरते, सही करून पाठव." दक्षिणेतल्या एका मोठ्या रुग्णालयातली ती फेलोशिप होती. वर्षभर फक्त पोट, आतडी आणि यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली वाचायला शिकायचं. आमच्या भागातल्या माणसाला यकृताच्या एका रिपोर्टसाठी शेकडो मैल जावं लागतं, तो रिपोर्ट परभणीत व्हावा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मला मात्र मोठ्या शहरात राहायचं होतं.

ती माझ्यापेक्षा सरस होती, हे पहिल्या महिन्यातच सगळ्यांना कळलं. यकृताच्या सिरॉसिसची स्लाइड मला पहिल्यांदा नीट समजली ती शिकवणाऱ्या सरांमुळे नव्हे, तिच्यामुळे. "उसाच्या फडात कुणी वाटेल तिथं बांध घातले तर पाणी कसं अडून बसतं? हे तसंच हाय. रक्ताला वाटच ऱ्हायली न्हाई." आजही माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगते… आणि ते कुणाचं आहे हे सांगत नाही.

सहाव्या महिन्यातली गोष्ट. पोटात दुर्बीण घालून काढलेले तुकडे बाटल्यांत येतात. तांदळाच्या कणीएवढा तुकडा कागदात गुंडाळून जाळीच्या छोट्या डबीत ठेवायचा आणि डबीवर पेन्सिलनं नंबर घालायचा, हे काम त्या दिवशी माझं होतं. एका वेळी एकच बाटली उघडायची, हा नियम. मी दोन उघडल्या होत्या. तेवढ्यात घरून फोन आला. ज्या स्थळाची वाट पाहत होतो, त्यांचा होकार होता. घाईघाईत मी दोन्ही तुकडे डब्यांत टाकले, झाकणं लावली आणि उमाला म्हणाले, "पुढचं बघ जरा." परत आले तोवर तिनं उरलेलं सगळं संपवून रजिस्टरच्या त्या पानावर सही केली होती.

ते दोन तुकडे बदलले गेले होते. एका तरुण बाईला मोठ्या आतड्याचा कर्करोग असल्याचा रिपोर्ट गेला आणि ज्यांना खरोखर होता त्या वयस्क गृहस्थांना काही नाही म्हणून घरी पाठवलं. बाईच्या शस्त्रक्रियेची तारीखही ठरली होती. दुर्बिणीतल्या चित्राशी रिपोर्ट जुळेना, म्हणून सर्जननं पुन्हा तुकडा काढायला लावला, त्यामुळे ती वाचली. गृहस्थांना बोलावून घेईपर्यंत दोनेक महिने गेले होते. तेवढ्यात त्यांचा आजार किती पुढे सरकला, हे मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

सरांनी रजिस्टर आमच्यासमोर ठेवलं. "सही कुणाची?" उमा म्हणाली, "माझी, सर." मी शेजारीच उभी होते. एकदम उघडलेल्या त्या दोन बाटल्या मला लख्ख आठवत होत्या.

संध्याकाळी खोलीवर तिनं मला विचारलं, "नंदा, माझ्याच हातून बदलले असतील का गं? मला काईच आठवंना झालंय." मी म्हणाले, "गर्दी होती. झालं असेल तुझ्याकडून." हे वाक्य मी बोलले. नुसती गप्प राहिले असते, तर त्याला निदान भित्रेपणा म्हणता आलं असतं.

तिचं स्लाइड वाचायचं काम काढून घेतलं. महिनाभरानं ती स्वतःच सोडून गेली. फेलोशिपचं प्रमाणपत्र मला एकटीला मिळालं, त्याच रुग्णालयात नोकरीही मिळाली. उमानं परभणीत लॅब काढली. यकृताची अवघड केस आली की ती मला स्लाइड पाठवायची, सोबत चिठ्ठी, "तज्ज्ञ तू आहेस, बघून सांग." खाली तिनं काढलेलं निदान असायचं, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. मी 'सहमत' लिहून सही करायची.

पाच आठवड्यांनी बसवराजचा पुन्हा फोन आला. काही स्लाइड वाचायच्या राहिल्या होत्या, पेशंट खेटे घालत होते. तेव्हा मी गेले. लॅबमध्ये नजमाआपा होत्या, उमाच्या पहिल्या दिवसापासूनच्या तंत्रज्ञ. दुपारपर्यंत मी स्लाइड संपवल्या. मग त्या तुकडे भरायला बसल्या आणि काउंटरवरच्या मुलीला हाक मारली. एकीनं बाटलीवरचं नाव आणि नंबर मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं डबीवरचा. दोन्ही जुळले की मगच झाकण. मी विचारलं, हे रोज असंच?

"रोज. आधी मॅडम स्वतः बसायच्या माझ्यासंगं," नजमाआपा म्हणाल्या. "नवीन कुणीबी आलं की पहिल्याच दिवशी सांगायच्या, माझ्या हातून एकदा दोन माणसांचे तुकडे बदलले होते, लय मोठा गुन्हा झाला, म्हणून इथं एकट्यानं डबी भरायची न्हाई."

मुलगी काउंटरवर परत गेल्यावर मी त्यांना सांगितलं. ते तुकडे मी बदलले होते.

"मॅडमला ठाऊक होतं?"

"नाही."

त्यांनी भरलेल्या डब्या एका बाजूला सरकवल्या. मग म्हणाल्या, "अठरा पोरी आल्या-गेल्या इथं. अठरा जणींना मॅडमनी सांगितलं हो."

बसवराजलाही मी त्याच दिवशी सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला नका सांगू, ताई. लिहा. अक्कानं सगळ्यांना सांगितलं, तर तुमीबी सगळ्यांना सांगा." म्हणून हे लिहिलं. यानं माझं मन हलकं झालं असं मी म्हणणार नाही, आणि ते व्हावं असंही वाटत नाही.

त्या दुपारी मी निघायच्या बेतात असताना आणखी एक बाटली आली. सेलूकडच्या कुणा माणसाच्या यकृताचा तुकडा होता. मी नजमाआपांच्या समोरच बसले होते, हात मोकळे होते. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, हातमोजे चढवले आणि मान वळवून काउंटरवरच्या मुलीला हाक मारली. मुलगी आली, नंबर वाचला. नजमाआपांनी वाचला. मी ऐकत बसले.