ओमकारच्या बांधातले उंदीर

शाळेतून निवृत्त झाल्यावर भाग्यलक्ष्मीबाई शहरातल्या नल्लकुंट्याहून बसने घटकेसर गावी जाऊन नवऱ्यामागे राहिलेलं भाताचं शेत स्वतः बघू लागल्या. शेजारचा हिस्सा धाकटा दीर ओमकार याचा. तोही शहरातच, कुकटपल्लीला राहायचा. प्लॉट पाडून विकायचे म्हणून त्याने जमीन पडीक टाकली होती. गवत कमरेला लागत होतं आणि बांधाची बिळांनी चाळण झाली होती.

भात पोटरीवर आलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात आल्या आणि उंदीर सुटले. बुडापासून तिरकी धाटं कापायची, खायचं थोडं, पाडायचं फार. बाईंनी आपल्या बाजूची बिळं खणली, सापळे लावले. पलीकडून नवे येतच राहिले. शेवटी त्यांनी फोन लावला.

"ओमकार, गवत काप. मला बांध खणू दे."

"माझ्या जमिनीला हात लावायचा नाही, वहिनी. गिऱ्हाईक बघायला येतंय. आणि उंदरांवर काय माझं नाव लिहिलंय?"

"तुझ्याच बांधात वितात मेले!"

त्याने फोन कापला.

कापणीला निम्मं भातही हाती आलं नाही. शेतावर राबणाऱ्या गंगूला मजुरी धान्यात मिळायची, त्यावरच तिचं घर चालायचं. तिचा वाटाही निम्म्यावर आला. बाईंनी आपल्यातलं थोडं घातलं, तरी गंगू म्हणाली, "पोरांना एकवेळच घालावं लागंल, अम्मा."

बाईंचं डोकं फिरलं. गडी लावून त्यांनी ओमकारचा बांध फोडला. आत उंदरांनी ओढून नेलेल्या लोंब्यांचे थर होते. पोतं भरलं.

"हे मला द्या," गंगू म्हणाली. "धुऊन, ऊन दाखवून खातो आम्ही."

"आधी त्याला दाखवते."

रिक्षात पोतं घालून बाई कुकटपल्लीला गेल्या आणि ओमकारच्या दिवाणखान्यात त्यांनी ते उपडं केलं. "घे, तुझ्या उंदरांची कमाई!" ओमकारची बायको स्वाती किंचाळत मागे सरली. ओमकारने मोलकरणीला सगळं झाडून कचऱ्याच्या गाडीत टाकायला लावलं आणि घुसखोरीची तक्रार देण्याची धमकी दिली. बाई त्याला शिव्या देतच जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी गंगूने विचारलं, "पोतं कुठंय?"

बाईंनी सांगितलं. गंगू म्हणाली, "तुमचं भांडण झालं. जेवण माझ्या पोरांचं गेलं."

पुढच्या हंगामात ओमकारने मधे भिंत घातली. उंदीर तिच्याखालून आले. गंगू दुसऱ्याच्या शेतावर जाऊ लागली होती. बाईंनी दोनदा निरोप धाडला. ती आली नाही.