डावा डोळा

शिवणयंत्रात तेल सोडलं की मला अजून रायफलीचा वास येतो. बाळांनो, तेव्हा मी कॉलेजातल्या मुलींना नेमबाजी शिकवायला नुकतीच लागले होते. नेम धरताना डावा डोळा मिटायचा असतो; माझे मात्र दोन्ही मिटत. माझ्या माहेरी, रामघाटावरच्या वैदिकांच्या घरात, मुलीला एक डोळा मिटायला कोण शिकवणार? दुसऱ्या दिवशी तपासणीला येणाऱ्या साहेबांसमोर मला स्वतः नेम मारून दाखवायचा होता, चुकला तर नोकरी जाणार होती. म्हणून दुपारी खिडकीच्या उजेडात आरसा धरून मी सराव करत होते. गल्लीपलीकडच्या ओसरीवर पाठशाळेचे गुरुजी बसलेत, हे मला दिसलंच नाही. मागून सासूबाई कडाडल्या, "अगं, दिमाग ठिकाणावर आहे का? गुरुजींना डोळा मारतेस?" गुरुजी लगबगीने आत पळाले. मी रडत रडत सगळं सांगितलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मिटत नाही तर बांध की!" आणि त्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दिली. ती बांधून मी नेम साधला, नोकरी राहिली. पण गुरुजींना खुलासा कोण करणार? मी समोरून आले की ते भिंतीला चिकटून, दोन्ही डोळे घट्ट मिटून उभे राहत. ते जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली, तरी त्या ओसरीवरून जाताना माझी मान वर होत नाही.