बाबांचा बॉयलर आणि माझं शिक्षण

बाबांच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी तो उचलला नाही. जर्मनीतल्या आमच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सकाळचं काम चाललं होतं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बाहेर जाऊन घेतला, तर आई बोलत होती. बाबा ड्युटीवरून आले, बूट काढून खुर्चीत बसले, पाणी मागितलं... आई पाणी घेऊन येईपर्यंत सारं संपलं होतं.

बाबा रायपूरला एका कारखान्याच्या कोळशावरच्या वीजघरात बॉयलर ऑपरेटर होते. आमचं घर जवळच, बीरगांवला. मी शाळेत असताना यंत्रांची पूजा होते त्या विश्वकर्मा पूजेच्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना कारखान्यात सोडत. अशाच एका पूजेला त्यांनी माझ्या डोळ्यांपुढे निळी काच धरून मला भट्टीतली आग दाखवली होती. एवढी मोठी आग आणि आपले बाबा तिला सांभाळतात, याचं मला केवढं अप्रूप वाटलं! इंजिनिअर व्हायचं ते तिथेच ठरलं. पुढे परदेशात एनर्जी इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. सोबत न्यायला कुकर हवा म्हणून आम्ही गोल बाजारात गेलो, तर बाबांनी दुकानदाराला हसत सांगितलं, "बिटिया पढ़के आएगी और हमारा बॉयलर बंद कराएगी." तेव्हा मीही हसले होते.

तिथे गेल्यावर मात्र मी खरंच तेच शिकू लागले. कोळशावरची वीजकेंद्रं बंद करून त्यांच्या जागी काय आणायचं, हाच माझ्या प्रबंधाचा विषय. दर रविवारी फोनवर बाबांचा खोकला ऐकू यायचा. एकदा राहवलं नाही. नोकरी सोडा म्हटलं, आणि धूर-राखेशिवाय तुम्ही जगाला दिलं तरी काय, असंही बोलून गेले. बाबांनी खोकून घसा मोकळा केला. मग आमच्या घरच्या बोलीत शांतपणे म्हणाले, "तेच वाफ तुले तिथं शिकवून राहिली, पोट्टी."

माझी फी, खोलीचं भाडं, सगळं त्यांच्याच पगारातून जात होतं. मी फोन ठेवून दिला. नंतर आठ दिवस त्यांचे फोन येत राहिले आणि मी मेसेजमध्ये परीक्षेचं निमित्त सांगून टाळत राहिले. खरं तर लाज वाटत होती. माफीचे नीट शब्द सापडले की बोलू, असं मनात होतं...

मी घरी पोचले तेव्हा अंत्यसंस्कार होऊन गेले होते. लोकांची ये-जा थांबल्यावर मी आईला विचारलं, "बाबा काहून फोन करून राहिले होते वं?"

"मले नाही सांगितलं," आई म्हणाली. "म्हणत, पेपर होऊ दे तिचे. मग बोलू."

आता दीड महिना झाला. पुढच्या आठवड्यात मला परत जायचं आहे. प्रबंधाचा विषय तोच आहे. इथे आमच्या गच्चीवर रोज कारखान्यांच्या धुराड्यांतली काळी भुकटी साचते. ड्युटीवरून आले की बाबा आधी गच्ची झाडत, मगच जेवायला बसत. त्या दिवशी तेवढं राहून गेलं. हल्ली मी झाडते. सकाळी वर गेलं की पायांना पुन्हा काळं लागतं, आणि मी पुन्हा झाडू हातात घेते.