फ्लेक्सवरची वाऱ्याची जागा

धरमतरच्या खाडीची शपथ घेऊन सांगतो, खाली लिहिलेला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे एक वाक्य सोडून. आणि बापूसाहेबांच्या हारात झेंडू होता की शेवंती, तेही आता नक्की आठवत नाही. म्हणजे दीड वाक्य सोडून. बाकी सगळं खरं!

आमचा पक्ष राष्ट्रीय आहे. पण दिल्ली आम्ही टीव्हीवर बघतो. आमचा खरा देव म्हणजे ‘प्रदेश’. मुंबईतल्या प्रदेश कार्यालयातून आदेश सुटतो आणि पेणच्या कार्यालयात तो मी झेलतो. बावीस वर्षं मी इथला कार्यालय चिटणीस. आमच्या कपाटामागे जुने फ्लेक्स गुंडाळून उभे केलेत. एक ओढायला जावं तर दहा अंगावर येतात. इथल्या किश्श्यांचंही तसंच आहे. म्हणून आज एकच गुंडाळी सोडतो. प्रदेशाध्यक्षांच्या दौऱ्याची, आणि आमच्या हरीदादाची.

हरीदादा खाडीकाठचा, मिठागरात राबलेल्या घरातला. तीस वर्षं पक्षाचे फ्लेक्स बांधतोय. वादळात झाड पडेल, पण हरीदादाची गाठ सुटणार नाही. त्याची एक पद्धत होती. फ्लेक्स वर चढवण्याआधी तो जमिनीवर पसरायचा आणि बरोबर मधोमध, दोन मोठ्या पुढाऱ्यांच्या खांद्यांमधल्या रिकाम्या जागेत कोयत्यानं अर्धगोल चीर पाडायचा. आजवर एकाही पुढाऱ्याच्या चेहऱ्याला त्याचा कोयता लागलेला नाही.

“वाऱ्याला वाट दिली का वारा भांडत नाय,” असं तो म्हणायचा.

दौरा संपला की जुना फ्लेक्स त्याच्या घरी जायचा, पावसाळ्यात पडवीवर टाकायला. त्यामुळे सुमनवहिनी, म्हणजे त्याची बायको, भांडी घासायला बसली की डोक्यावर अख्खा पक्ष! आणि मधल्या भोकातून पाण्याची धार.

एकदा मी गेलो होतो तेव्हा तिनं वर बघून हरीदादाला विचारलं, “अवो, तीस वरसा दुसऱ्यांची थोबारा टांगलीव. तुमचा कवा टांगनार?”

हरीदादा चहा ढवळत राहिला. चहात साखरच नव्हती!

\* \* \*

दौरा जाहीर होण्याआधी प्रदेशाचा आदेश आला: कोणी नाराज राहता कामा नये, जम्बो कार्यकारिणी करा.

आम्ही केली. उपाध्यक्ष, सहउपाध्यक्ष, सरचिटणीस, संघटक, समन्वयक. पदं संपली तेव्हा आम्ही ‘विशेष’ हा शब्द लावून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिल्या बैठकीत तालुकाध्यक्ष म्हणाले, “कार्यकर्त्यांनी जरा खुर्च्या लावून घ्या.”

कोणी हलेना. सगळे एकमेकांकडे बघतायत.

शेवटी एक विशेष सहउपाध्यक्ष उभे राहिले. “अध्यक्षमहाराज, तालुक्यात कार्यकर्ता शिल्लक नाही!”

एक होता. हरीदादा. नेमणुकीची पत्रं वाटली त्या दिवशी तो खुर्च्या आणायला गेला होता, म्हणून त्याचं नाव राहून गेलं. त्यानं खुर्च्या लावल्या. एक कमी पडली. ती अर्थातच त्याची.

\* \* \*

मग प्रदेशानं ॲप आणलं. प्रत्येक बूथवर बैठक घ्यायची आणि फोटो ॲपवर टाकायचा.

कोण फिरणार बूथ-बूथ? आम्ही एका आंब्याखाली एका दुपारी बारा बैठका घेतल्या. दर बैठकीला शर्टांची अदलाबदल. माझा शर्ट घालून विशेष संघटक इतके रुबाबदार दिसले की त्यांनी तो परतच केला नाही!

दुसऱ्या दिवशी प्रदेशातून फोन. “पेणच्या बाराही बूथवर एकच कुत्रा कसा काय?”

मी म्हटलं, “साहेब, तो आपला पूर्णवेळ कार्यकर्ता आहे!”

पलीकडून आवाज आला, “त्याला काही पद दिलंय का?”

या बारा फोटोंत सगळे आहेत. हरीदादा नाही. कारण फोटो तो काढत होता.

\* \* \*

आता रोहा. रोह्याचे तालुकाध्यक्ष बापूसाहेब म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. प्रदेशाध्यक्ष आधी पेणला आणि मग रोह्याला येणार, हे त्यांना सहन होईना.

“आधी आले म्हणून काय झालं,” ते मला फोनवर म्हणाले. “लक्षात कोण राहणार ते बघा. आमचा हार क्रेननं पडणार!”

आदल्या दिवशी रंगीत तालीम, मीही बघायला गेलो होतो. प्रदेशाध्यक्षांच्या जागी स्वतः बापूसाहेब उभे. क्रेननं बैलगाडीच्या चाकाएवढा जाड हार अलगद खाली सोडला आणि बापूसाहेब त्यात डोक्यासकट गुडुप. तेवढ्यात क्रेनवाल्याची जेवायची वेळ झाली. तो किल्ली खिशात टाकून गेला!

हार उचलायला सहा माणसं लागली असती, होती चारच. आम्ही घाबरलो. पण मुख्याध्यापक ते मुख्याध्यापक. आतून आवाज आला, “आलोच आहे आत, तर भाषणाचीही तालीम करून घेतो!”

पाऊण तास बोलले. क्रेनवाला जेवून आला, तर म्हणाले, “थांब रे, समारोप राहिलाय.”

\* \* \*

आमच्या फ्लेक्सचं काम हमरापूरच्या विलासकडे. विलास मूळचा गणपतीचा रंगारी, त्यातही डोळे रंगवणारा. हमरापुरात डोळे रंगवणाऱ्याचा मान मोठा. बाकी मूर्ती कोणीही रंगवील, डोळ्यांना विलासच हवा. गणपतीचे चार महिने सोडले की तो कॉम्प्युटरवर फ्लेक्स करतो. पण हात तोच!

त्यामुळे आमच्या फ्लेक्सवर सगळ्यांचे डोळे गणपतीचे असतात. लांब, शांत, कृपाळू. आमचे एक उपाध्यक्ष भांडकुदळ म्हणून नावाजलेले. फ्लेक्सवर ते असे दिसतात की आता वरच देतील. एकदा एसटीची वाट बघणारी एक म्हातारी त्यांच्याखाली जास्वंद ठेवून गेली.

मी विलासला म्हटलं, “अरे, जरा माणसाचे डोळे काढ की!”

“मला दुसरे येतच नायत,” विलास म्हणाला. “आणि तुमच्यातल्या कुनाची तक्रार आलीय?”

नव्हती आली.

दौऱ्याच्या फ्लेक्ससाठी फोटोंचा गठ्ठा घेऊन मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा बरोबर हरीदादाही होता. विलासनं जम्बो कार्यकारिणी दाटीवाटीनं बसवली. काठापासून काठापर्यंत चेहरेच चेहरे, मुंगी शिरायला जागा नाही. आणि मग मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, “विलास, यात हरीदादा घाल.”

हरीदादा एकदम बाहेर जाऊन उभा राहिला. लाजला!

फोटोच नव्हता त्याचा. शेवटी मतदार कार्डावरचा घेतला, ज्यात तो नुकताच भूत बघून आल्यासारखा दिसतो. विलासनं त्याला डोळे काढले.

“कुठं बसवू?” विलासनं विचारलं. “जागा एकच हाय. हितं, मधी.”

प्रदेशाध्यक्ष आणि जिल्हाध्यक्ष यांच्या खांद्यांमध्ये. ती जागा दरवेळी रिकामी असते. का असते, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. हरीदादा गोल चौकटीत तिथं बसला.

त्यानं स्क्रीनकडे बराच वेळ बघितलं. “ह्यो मी हाय?”

“व्हय.”

“मंग मी बरा हाय की!”

घरी जाऊन त्यानं वहिनीला एवढंच सांगितलं, “परवा वडखळ नाक्यावं ये गो. आरतीचा ताट घेऊन ये.”

\* \* \*

दौऱ्याचा दिवस. वेळ दुपारी चारची. मी मुद्दाम ठेवली होती, कारण तीनला डोलवीच्या कारखान्याची शिफ्ट सुटते आणि घरी निघालेली माणसं आयती गर्दी म्हणून मिळतात. वडापाव हातात दिला की घोषणा आपोआप येते.

सकाळी हरीदादानं फ्लेक्स रस्त्याकडेला पसरला. कोयता काढला. मधोमध गेला. वाकला. आणि तसाच उभा राहिला.

“काय झालं?” मी विचारलं.

“काय नाय,” तो म्हणाला. “आज वारा नाय.”

कोयता कमरेला परत खोचला आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं भोक न पाडता फ्लेक्स चढवला.

साडेतीनला खाडीवरून वारा सुटला.

दुमजली घराएवढा फ्लेक्स गलबताच्या शिडासारखा फुगला. मागचे बांबू करकरायला लागले. खाली स्वागताच्या रांगेत आरतीची ताटं घेतलेल्या बायका, शाळेची मुलं, वडापाव खाणारी अख्खी शिफ्ट. माणसं हलवायची तर रस्ता चोंदलेला. आणि माझ्या फोनवर प्रदेशाध्यक्षांच्या गाडीतून निरोप: दहा मिनिटांत पोचतो.

“भोक पाड! भोक पाड!” तालुकाध्यक्ष ओरडले.

पाडायचं कुठं? जम्बो कार्यकारिणी खाली जमली आणि जो तो वर बोट करून ओरडायला लागला.

“माझ्यावर नको रे, सासरवाडीची माणसं आलीत!”

“माझा पहिलाच आहे!”

“प्रदेशाध्यक्षांच्या पोटावर पाड, तिथं जागा आहे!”

“हो, आणि तिथून वाऱ्याबरोबर तिकीटही जाऊ दे!”

हरीदादा कोणाचंच ऐकत नव्हता. त्यानं शिडी लावली, कोयता दातात धरला आणि चढला. मी खाली शिडी धरून उभा होतो. बांबू इतका वाकला की आता गेलाच असं वाटलं. हरीदादा मधोमध पोचला. स्वतःच्या तोंडासमोर तोंड आलं. एवढ्या जवळून त्यानं ते पहिल्यांदाच बघितलं असेल. विलासचे कृपाळू डोळे त्याच्याकडे बघत होते.

त्यानं कोयता फ्लेक्सवरच्या स्वतःच्या हनुवटीखाली टेकवला आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत अर्धगोल ओढला.

भस्सकन वारा पलीकडे गेला. फ्लेक्स सैल पडला. बांबू गप्प झाले. खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग ताबडतोब आपापला फोटो शाबूत आहे का ते बघितलं.

नेमकी तेव्हाच सुमनवहिनी सहा आसनी रिक्षातून उतरली. नवी साडी, हातात ताट. वर बघायला लागली. शोधतेय, शोधतेय. मला वाटलं, जमिनीनं मला पोटात घ्यावं.

आणि गाड्या आल्या.

प्रदेशाध्यक्ष उतरले. हात जोडून वर फ्लेक्सकडे बघितलं आणि थांबले. चाळीस चेहरे ढिम्म. पण मधल्या गोलातला एक चेहरा, कपाळापाशी फक्त चिकटलेला, वाऱ्यानं पुढं यायचा आणि मागं जायचा. पुढं, मागं. अगदी सावकाश, आदबीनं, ‘या साहेब, या’ म्हणत मान डोलवावी तसा!

प्रदेशाध्यक्षांनीही मान डोलवली. त्यानंही डोलवली. असं दोन-तीनदा झालं. जिल्हाध्यक्ष हार घेऊन पुढं सरसावले, तर साहेबांनी हातानंच त्यांना थांबवलं.

“हे कोण?” त्यांनी विचारलं.

जम्बो कार्यकारिणीतलं एक तोंड उघडेल तर शपथ! हरीदादा शिडीवरच होता, सगळ्यांकडे पाठ करून.

सुमनवहिनीनं ताट सावरलं आणि ठसक्यात म्हणाली, “आमचंच हायती. वाऱ्याला वाट देतान.”

मग तिनं प्रदेशाध्यक्षांच्या अंगावरून ताट पुढं नेलं, शिडीपाशी गेली आणि वर ओवाळलं. शिडीकडे की फ्लेक्सकडे, ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

राहता राहिलं ते खोटं वाक्य. मी शिडी धरून उभा नव्हतो. माझा फोटो वरच्या रांगेत डावीकडून तिसरा होता, आणि मी तिथं खाली उभा राहून तो बघत होतो. शिडी कोणीच धरली नव्हती.